धूर, अग्नी आणि पेटंट : पिंपरी-चिंचवडचं मोजमाप

विषय पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा आहे, पण सुरुवात न्यायशास्त्रापासून करतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सवय जात नाही. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे, असं आपण अनुमान करतो. ते बरोबर. पण धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असं म्हणता येत नाही. भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. नैयायिकांचंच हे उदाहरण.

एखादं महानगर किती नवं निर्माण करतं, हे हल्ली पेटंटच्या संख्येवरून ठरवतात. पेटंट हा धूर झाला. आपल्या पट्ट्यात लाल गोळे किती, हा माझा प्रश्न.

थोडा इतिहास बघू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळालं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं, त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. म्हणजे पिंपरीचं नाव थेट जीवशास्त्रात गेलं! पुढे १९७० चा पेटंट कायदा आला, १९७२ पासून लागू झाला. औषधाच्या पदार्थावर पेटंट बंद. फक्त कृतीवर, तेही कमी मुदतीचं. औषधं स्वस्त राहावीत म्हणून जाणूनबुजून घेतलेला तो निर्णय होता. २००५ पासून पदार्थाचं पेटंट परत सुरू झालं. तेव्हा १९८० चा आकडा २०१० च्या आकड्याशेजारी ठेवून ‘बघा, आपण किती हुशार झालो’ असं म्हणणं फसवं आहे. डोकी तीच असतील, कायदा बदलला.

दुसरी गोष्ट पत्त्याची. टाटा मोटर्सचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर १९६६ पासून पुण्यात. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मात्र मुंबईत, बॉम्बे हाउसला. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पेटंट सीएसआयआरच्या, म्हणजे दिल्लीच्या नावावर. अर्जदाराच्या पत्त्याने मोजलं की विचार केला इथे आणि जमा झाला तिथे! अमेरिकेत शहरवार मोजताना संशोधक राहतो कुठे, हे बघतात. आपल्या अर्जातही संशोधकाचा पत्ता असतोच. तो वापरायला हवा.

तिसरी गोष्ट वजनाची. आकुर्डीच्या बजाज ऑटोचं दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचं, डीटीएस-आयचं पेटंट घ्या. अर्ज २००२ चा. २००७ मध्ये टीव्हीएसने ‘फ्लेम’ आणली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. २००९ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. असे खटले रोजच्या रोज चालवून लवकर संपवा, असं न्यायालयाने बजावलं. तरी शेवट झाला २०१९ मध्ये, आपसात तडजोडीने. मोजणीत याची किंमत किती? एक. आणि फी न भरल्यामुळे बंद पडलेल्या, कुणी न वापरलेल्या पेटंटची? तीही एक.

आता लाल गोळ्याकडे येऊ. माझे एक शेजारी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. एक भाग मशीनवर बसवायला फार वेळ लागायचा. त्यांनी वेगळं फिक्स्चर बनवलं, वेळ निम्म्यावर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. त्या डब्यात अजून पोहे असतात. अशी फिक्स्चरं, डाय आणि गेज या पट्ट्यात रोज सुधारली जातात. जर्मनीत छोट्या सुधारणांसाठी १८९१ पासून वेगळी, हलकी नोंदणी आहे, चीनमध्येही आहे. आपल्याकडे तसा कायदाच नाही. हे फक्त आपलंच आहे असंही नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाचा अभ्यास पेट्रा मोझर यांनी केला. ब्रिटिश वस्तूंपैकी शंभरात सुमारे ११ वस्तूंनाच पेटंट होतं. बाकीच्यांना बुद्धी नव्हती का?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. धुक्यालाही लांबून धूर समजता येतं. अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. तपासणी होऊन मंजुरी मिळणं वेगळं. कॉलेजांच्या क्रमवारीत दोन्हींची दखल घेतली जाते. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना फीत ८० टक्के सवलतही आहे. सवलत चांगलीच आहे. पण नुसते अर्ज मोजले, तर धुकंच मोजलं जाणार.

मग पेटंट मोजूच नयेत का? मोजावीत. संशोधकाच्या पत्त्याने मोजावीत, मंजूर झालेली, फी भरून जिवंत ठेवलेली मोजावीत. पेटंट वापरात आहे की नाही, याचं निवेदन मालकाला कायद्याने द्यावंच लागतं, तेही बघावं. आणि त्याच तक्त्यात टूलरूमसाठी एक रकाना ठेवावा. तो भरणं अवघड आहे, मान्य. पण जे मोजलं जातं त्यालाच पैसा मिळतो. तो रकानाच नसेल, तर उद्या भोसरीतल्या प्रशिक्षणाला, छोट्या वर्कशॉपला काही मिळणार नाही, आणि आकडा वाढत असताना भट्टी विझत जाईल. तेव्हा आकडा पुढे आला की आधी विचारा, हा कुणाच्या पत्त्यावरचा, आणि यात कोण सुटलं?