दहा पैसे आणि मूठभर हवा

आमच्या लहानपणी निमगाव केतकीला ज्याला पोहता येत नाही त्याला माणसांत धरत नसत. गाव पानमळ्यांचं. मळा म्हटला की विहीर आली, आणि विहीर म्हटली की पाठीला भोपळा बांधून पुतण्याला आत ढकलणारे काका आले. भोपळा सुटला की पुढची परीक्षा. थोरले काका, म्हणजे तात्या, विहिरीत दहा पैशांचं नाणं टाकून म्हणायचे, "आण वर!" आणेल त्याला चार आणे बक्षीस. माझा चुलतभाऊ, त्याला आपण नुसतं दादा म्हणू, दर वेळी नाणं घेऊन वर यायचा. मी दर वेळी लाल डोळे घेऊन वर यायचो. पाण्यात डोळे उघडले की मला शेवाळी ताकाखेरीज काही दिसत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम ठरवले, तेव्हा मी आपोआप भित्रा ठरलो.

१९७२ च्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला. गाळ काढताना दहा पैशांची अकरा नाणी निघाली. तात्यांनी ती धोतराला पुसली, मोजली आणि दादाकडे पाहिलं. दादा लंगोटात सुटे पैसे ठेवून बुडी मारत असे. दर बुडीला पंधरा पैसे नफा!

पण उत्तम डोळ्यांनाही दिसत का नाही? हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. डोळा बेतलाय हवेसाठी. बुबुळापुढचा पारदर्शक पडदा प्रकाश वळवण्याचं दोन-तृतीयांश काम करतो, पण ते बाहेर हवा असली तरच. पाण्याची आणि त्या पडद्याची जात जवळजवळ एकच, त्यामुळं तिथं प्रकाश वळायलाच तयार नसतो. उपाय एक: डोळ्यांपुढं मूठभर हवा राखायची.

इराणच्या आखातातले मोती काढणारे म्हणे कासवाचं कवच घासून पातळ करून डोळ्यांवर लावत. पुढं गाय गिलपॅट्रिक या अमेरिकन लेखकानं फ्रान्सच्या किनाऱ्यावर वैमानिकाचा जुना गॉगल घेतला, सुताराप्रमाणे फटींत लांबी भरली, वर रंग दिला आणि माशांमागे उडी टाकली. १९३८ साली या छंदावर त्यानं पुस्तकही काढलं. पण गॉगलची एक खोड होती. दहा मीटर खाली पाण्यामुळं दाब दुप्पट होतो, आतली हवा आक्रसते आणि गॉगल डोळेच ओढू लागतो. त्याच साली माक्सिम फोर्जो या फ्रेंच गृहस्थानं एका काचेच्या, नाकालाही आत घेणाऱ्या मुखवट्याचं पेटंट घेतलं. आता नाकानं थोडी हवा सोडली की दाब सारखा! दुसऱ्याच्या कामात नाक खुपसल्यानं कुणाचं भलं झाल्याचं हे माझ्या माहितीतलं एकमेव उदाहरण.

पुढचं सगळं सुधारणांचं. उन्हानं तडकणारं काळं रबर जाऊन मऊ सिलिकॉन आलं, नंबरच्या काचा आल्या. २०१४ साली डेकॅथलॉननं अख्खा चेहरा झाकणारा मुखवटा काढला, नाकानं श्वास घेत तरंगायला. २०२० च्या साथीत इटलीतल्या इंजिनिअरांनी त्यालाच नवी झडप छापून बसवली आणि तो इस्पितळातल्या रोग्यांना प्राणवायू द्यायला वापरला. समुद्रातले मासे बघायला केलेली वस्तू श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसांच्या तोंडावर बसली, हे वाचून मी बराच वेळ गप्प होतो.

परवा दादाला घेऊन मालवणला गेलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीवाल्यानं आम्हां दोघा म्हाताऱ्यांना मुखवटे चढवले. काचेत थुंकी चोळायला सांगितलं (वाफ धरू नये म्हणून, एवढ्या प्रगतीनंतरही थुंकीला पर्याय नाही). तोंड पाण्यात घातलं आणि काय सांगू! खडक, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, सगळं लख्ख, आणि पाण्यातून दिसतं तसं तिसऱ्या हिश्शानं मोठं.

मी खिशातलं दहा रुपयांचं नाणं सोडलं. वाळूवर पडलेलं ते दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

"दादा, आण वर!"

दादानं एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा अंगातल्या फुगीर जाकिटाकडे पाहिलं आणि त्याचा हात हळूच चड्डीच्या खिशाकडे गेला.