तळटीप : 'झाडात वाढवलेली कुऱ्हाड'

कोवळे झाड चिरून त्यात दगडी पाते बसवायचे आणि खोड पात्याभोवती आवळले की दांड्यासकट तोडायचे, ही रीत फ्रेंच जेझुइट लाफितो याने १७२४ च्या ग्रंथात नोंदवली आहे. लेखक तिला संकटकाळची युक्ती म्हणतात, ते पटत नाही. तिला वर्षे लागतात. रानात अडकलेल्याने पाते चामड्याच्या वादीनेच बांधावे. पुन्हा पुन्हा त्याच रानात येणाऱ्यांचे हे शहाणपण आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात त्याचा जवळचा पुरावा आजही उभा आहे. तिथले जुनिपर पिळवटलेले, गाठाळ. सरळ रेषांचे लाकूड विरळाच. तसे झाड सापडले की मूलनिवासी दगडी हत्याराने खोडावर वर आणि खाली एकेक आडवी खाच पाडत, मधली पट्टी झाडावरच सुकू देत आणि मग उचकटून तिचे धनुष्य करत. झाड जगे, जखमेच्या कडांनी नवे लाकूड धरे आणि कालांतराने तिथूनच दुसरी कांब निघे. पुरातत्त्वज्ञ फिलिप विल्की यांनी १९८८ मध्ये या झाडांवर लेख लिहिला. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' म्हणणाऱ्या आपण तो आवर्जून वाचावा. काही खोडांवर एकाहून अधिक कांबा काढल्याचे व्रण आहेत. (संपा.)