मॅट्रिक झालो, आता पुढे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न फिरू लागतो : आता पुढे काय? हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका आजचा नाही. त्याचं वय दीडशे वर्षांहून अधिक आहे. ज्यांचे आज पुतळे आहेत तीही माणसं एकदा सतरा-अठरा वर्षांची होती, अडलेली होती, कुणाला तरी वाट विचारत होती. त्यांतल्या काहींची हकिकत आज तुम्हाला सांगतो.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं. दोन वर्षांनी, 1859 साली, त्याची पहिली मॅट्रिक झाली. शंभरावर मुलं बसली, त्यांतली उत्तीर्ण झाली ती पंचवीसही नव्हती. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं. तेव्हा ही परीक्षा शाळेचा शेवट नव्हती, कॉलेजचं दार होती, आणि ती विद्यापीठच घेत असे. त्या दारातून आत गेलेल्यांपैकी 1862 साली चौघे पहिले बी.ए. झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिल्या दोघांची नावं आपण शाळेत पाठ करतो. उरलेल्या दोघांची करत नाही, पण पेपर चौघांचेही तेच होते!

या दारापर्यंत पोचणंच किती अवघड होतं ते कोकणातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांना विचारावं. 1875 साली सहावीची सरकारी परीक्षा द्यायला हा मुलगा सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. शंभरावर मैलांची वाट, घाट, पाऊसपाणी, सगळं पायी. परीक्षेला वयाची अट सतरा वर्षांची होती. कर्वे सतरा पुरे झालेले होते, पण चण लहान. समितीच्या प्रमुखाला ते सतराचे वाटेनात. जवळ दाखला होता, तरी परत पाठवलं. आल्या वाटेनं पुन्हा मुरूड! पुढे ती परीक्षा ते पास झाले, पण या साऱ्यात वर्षं गेली. मॅट्रिक झाले 1881 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. 1884 साली बी.ए., 1891 पासून फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक, आणि 1916 साली त्यांचं महिला विद्यापीठ सुरू झालं. म्हणून एखादं वर्ष मागं पडलं तर घरात सुतक पाळू नका. आणि दुसरं, अगदी साधं : जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला या गोष्टी निकालाची वाट न पाहता आधीच तपासून ठेवा. कर्व्यांचा तरी कागद बरोबर होता. आपल्याकडे पुष्कळदा कागदच चुकलेला असतो, आणि ते कळतं फॉर्मच्या शेवटच्या दिवशी.

आता गांधीजींची गोष्ट, कारण तिच्यात सल्ला कसा द्यावा आणि कसा घ्यावा हे फार छान दिसतं. ते 1887 साली मॅट्रिक झाले. परीक्षेची केंद्रं दोन, अहमदाबाद आणि मुंबई. काठेवाडातली मुलं जवळचं आणि स्वस्त म्हणून अहमदाबाद धरत, तसंच त्यांनीही केलं. कॉलेज निवडतानाही तोच हिशेब. मुंबईपेक्षा भावनगरचं शामळदास कॉलेज स्वस्त, म्हणून तिथं गेले. पण वर्गात काही समजेना. प्राध्यापक चांगले होते, आपलीच तयारी कच्ची होती, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. पहिलं सत्र संपलं आणि ते घरी परतले.

घरी मावजी दवे नावाचे कुटुंबाचे जुने स्नेही आले. त्यांनी उपदेश केला नाही, हिशेब मांडला. बी.ए.ला चार-पाच वर्षं जातील, त्यातून मिळेल साठेक रुपयांची नोकरी, पुढे वकिली करायची तर आणखी वर्षं. त्यापेक्षा विलायतेला जाऊन बॅरिस्टर हो. मुलाच्या मनात डॉक्टर होण्याचं होतं. तेही त्यानं विचारून पाहिलं, थोरल्या भावानं वडिलांची इच्छा सांगून ते मोडून काढलं. या चर्चेत काय नाही? किती वर्षं लागतील, किती पैसे जातील, शेवटी हातात काय येईल आणि मुलाला स्वतःला काय हवं, सगळं एका बैठकीत आलं. तुमच्या घरी अशी बैठक एकदा जरूर भरवा. नुसती फी विचारू नका. खोलीचं भाडं, खाणावळ, एस.टी.चा पास, पुस्तकं हे सगळं एका कागदावर लिहा.

गांधीजींना मॅट्रिकला साधारण चाळीस टक्के गुण होते. बाबासाहेब आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले, 750 पैकी 282 गुण मिळवून. यावरून कुणी मार्कांची हेळसांड करू नये. त्या वेळच्या परीक्षेचं माप वेगळं होतं, आणि आजची प्रवेशयादी कुणाची आत्मकथा वाचत नाही. पण कमी टक्क्यांनी तोंड लपवून बसलेल्या मुलाला हे दोन आकडे ठाऊक असावेत.

बाबासाहेबांच्या गोष्टीत मला सगळ्यांत मोलाचे वाटतात ते कृष्णराव अर्जुन केळुसकर. विल्सन हायस्कुलातले शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्याची शाळा दुसरी होती, तो काही त्यांचा विद्यार्थी नव्हे. त्यांनी चौकशी केली, वाचायला पुस्तकं दिली, मॅट्रिकच्या सत्कारात आपण लिहिलेलं बुद्धचरित्र हाती ठेवलं. पुढे इंटरनंतर पैशापायी शिक्षण अडलं तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले. महिना पंचवीस रुपयांची मदत मिळाली आणि बी.ए. पुरं झालं. 1913 साली कोलंबिया विद्यापीठात जायला शिष्यवृत्ती मिळाली तीही बडोद्याचीच.

ज्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नसतं, त्या घराला असा एक माणूस लागतो. माझे अब्बा उर्दू चौथी शिकलेले. विषयांचे गट म्हणजे काय, हे सांगणारं मोहल्ल्यात कुणी नव्हतं. माझा फॉर्म गावच्या पोस्टमास्तरांनी भरून दिला. आज अकरावीचा प्रवेशसुद्धा 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. मोबाइल आला, तरी पोस्टमास्तरांची गरज संपलेली नाही. तुमचा कोण आहे ते आत्ताच हेरून ठेवा : ग्रंथपाल असेल, शाळेतल्या बाई असतील, वरच्या वर्षातली एखादी मुलगी असेल. आणि विचारायला लाजू नका.

राहण्याचा प्रश्न फीइतकाच जुना आहे. शाहू महाराजांनी हे ओळखलं. कोल्हापुरात 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं, मग एकेका समाजाची निघाली, त्यांत मुस्लिम बोर्डिंगही होतं. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी 1924 साली सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली. तेव्हा कॉलेज शोधताना वसतिगृहाचा फॉर्म त्याच दिवशी मागा.

शिष्यवृत्तीबद्दल महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात मांडलेलं म्हणणं आजही वाचण्यासारखं आहे. स्पर्धेनं शिष्यवृत्ती देणं वरवर न्यायाचं दिसतं, पण त्यानं मागे राहिलेल्यांत शिक्षण पसरत नाही, असं ते म्हणाले. पुढची उणीव कॉर्नेलिया सोराबजींनी भोगली. डेक्कन कॉलेजातून 1888 साली त्या पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली. इंग्लंडातल्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. एक दार बंद झालं म्हणून अर्ज करणं थांबवायचं नसतं. महाडीबीटीवर तुमच्यासाठी काय आहे ते स्वतः पाहा, मुदतीच्या तारखा भिंतीवर लिहा.

फुल्यांच्या त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती. मॅट्रिकला घरी अभ्यास करून बसता येतं, तशीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्यावी, म्हणजे कामधंदा करणारी पुष्कळ मुलं शिकतील. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं 1989 साली, म्हणजे त्यानंतर 107 वर्षांनी. ज्यांना यंदा शेतावर, दुकानात किंवा रिक्षावर जावंच लागणार आहे, त्यांनी त्याचं जवळचं अभ्यासकेंद्र कुठं आहे याची चौकशी करावी. कदाचित ते तुमच्या तालुक्याच्या कॉलेजातच असेल.