पक्ष्याने फोडलेलं पातं

1970 ची गोष्ट. ब्रिटनची रोल्स-रॉइस कंपनी आरबी211 हे विमानाचं इंजिन बनवत होती. पंख्याची पाती कार्बन फायबरची, थरावर थर चिकटवलेली. टायटॅनियमपेक्षा हलकी! पण चाचणीत पक्षी आदळला आणि पात्यांचे तुकडे झाले.

अशा पात्यात धागा लांबीच्या दिशेने दणकट असतो. दोन थरांना मात्र फक्त रेझिन धरून ठेवतं. आडवा दणका बसला की चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटू शकतात. म्हणून थरांमधला ताण वेगळा मोजावा लागतो.

कंपनी टायटॅनियमकडे वळली. इंजिनाचा एकूण खर्च हाताबाहेर गेला होता. 4 फेब्रुवारी 1971 ला तिचं दिवाळं निघालं.

1995 मध्ये जीई90 इंजिन कंपोझिट पाती घेऊन प्रवासी सेवेत आलं. पुढच्या कडेला मात्र टायटॅनियम! कल्पना चूक नव्हती, आडव्या दणक्याचं उत्तर सापडायचं होतं.