मासा नसलेल्या टाकीचे 61 तास

61 तास आधी. मंगळवार, 2 जून 2020, रात्री 9

दुपारीच हवामान खात्यानं जाहीर केलं होतं, निसर्ग आता चक्रीवादळ झालंय आणि उद्या अलिबागच्या आसपास किनाऱ्याला लागणार. पेणच्या रामवाडीत आमच्या आळीत पत्र्यांवर जुने टायर आणि चिरे चढत होते. हमरापूर-जोह्याचे ओळखीचे मूर्तिकार फोनवर एकच विचारत होते: छप्पर टिकेल ना? टाळेबंदीनं आधीच कंबरडं मोडलेलं, त्यात कच्च्या मूर्ती भिजल्या की संपलंच.

भाच्याच्या घरात चार फुटी काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. तिची चिंता मी बोलून दाखवली तर तो हसला. "मामा, आत मासाच नाहीये अजून. मरायला आहे काय?"

51 तास आधी. बुधवार, सकाळी 7

मासा नव्हता हे खरं. पण दगड होते, पनवेलच्या एका हौशी माणसानं मोडलेल्या टाकीतले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या टेम्पोतून आलेले. 'लाइव्ह रॉक' म्हणतात ते हेच. आपल्याकडे समुद्रातून असा खडक उचलून आणायची सोय नाही, आणि नाही हेच बरं. 2001 पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून जाणकार लोक सुका, निर्जीव दगड घेतात आणि टाकीतच महिनोन्‌महिने मुरवून जिवंत करतात. सच्छिद्र दगडाच्या पोटात जिवाणू, स्पंज, किडे, इवल्या गोगलगायी वस्ती करतात.

पाण्याचीही गंमत झाली होती. "पेणला मिठागरं असताना मिठाची पाकिटं विकत कसली आणतोस?" असं त्याला निदान चारजणांनी ऐकवलं. मिठागरात गोळा करतात ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियमचे कडू क्षार मागच्या पाण्यात राहतात आणि ते पाणी सोडून देतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात मॅग्नेशियम तेराशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम चारशेच्या. नुसत्या खड्याच्या मिठानं आमटी होते, समुद्र होत नाही. धरमतरच्या खाडीचं पाणी आणावं तर गाळ, आणि पाऊस लागला की ते अर्धं गोडं.

त्या सकाळी त्यानं नळीत थेंब टाकून तपासणी केली. वाटेत दगडावरचं जे मेलं होतं ते कुजून अमोनिया चढला होता, तो आता उतरणीला लागलेला. नायट्राइट मात्र भरपूर. म्हणजे गाडी रुळावर होती: एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही कामांना प्राणवायू लागतो. आणि ही मंडळी भलतीच संथ. कुजक्यावर जगणारे जिवाणू तासाच्या आत दुप्पट होतात. यांना अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. टाकी 'सायकल' व्हायला महिना-दीड महिना जातो तो यामुळेच. भाच्यानं आकडे वहीत लिहिले आणि खिडक्यांना दोऱ्या बांधायला गेला.

47 तास आधी. सकाळी 11

वीज गेली. पाणी हलवणारा वेव्हमेकर, फेसातून घाण काढणारा स्किमर, पाणी गाळणारा कॅनिस्टर फिल्टर, तिन्ही एकदम गप्प. इन्व्हर्टर होता, पण त्यावर आईचा पंखा, दोन दिवे आणि मोबाइल. मासा नसलेल्या टाकीला त्यावर जागा मागायची कोण?

44 तास आधी. दुपारी 2

साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. समोरचा आंबा मुळासकट आडवा झाला, कुणाचा तरी पत्रा कागदासारखा उडत हायवेकडे गेला. हॉलचं छत गळायला लागलं तेव्हा भाच्यानं टाकीवर जाड प्लास्टिक अंथरलं आणि कडेनं चिकटपट्टी लावली, मिठाचं प्रमाण बिघडू नये म्हणून. 1.025 ची घनता त्यानं जिवापाड जपली होती.

ती जपली गेली. पण हवेतून पाण्यात शिरणारा प्राणवायू आधीच उरला होता तो फक्त वरच्या थरातून, आणि आता तीही वाट बंद. 30 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. समुद्राच्या पाण्यात जेमतेम सव्वासहा. त्या शिलकीवर अख्खा दगड श्वास घेत होता.

38 तास आधी. रात्री 8

वारा पडला होता. टॉर्चच्या उजेडात भाच्यानं प्लास्टिकचा कोपरा उचलला आणि मला हाक मारली. दिवसा कधी नखभरही न दिसणारे केसाळ किडे दगडांच्या भोकांतून बाहेर येऊन काचेवर चढले होते. बोटभर लांबीचे, गुलाबी-तपकिरी, दोन्ही अंगांना पांढरे केस. सगळ्यांची डोकी एकाच रेषेवर, पाणी जिथं हवेला टेकतं तिथं. गोगलगायी तर पाण्याबाहेरच.

"भूक लागली असेल," भाचा म्हणाला.

शेजारचे काका मेणबत्ती मागायला आले होते. ते मूळचे खारेपाटातले, घरामागे जिताड्यांचं तळं. लाइव्ह रॉक वगैरे त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी एकदा डोकावलं आणि म्हणाले, "पाणी घुसमटलंय. ढगाळ दिवसात पहाटे आमचा मासा असाच तोंड वर काढतो. तांब्या घे, वरून ओतत राहा."

मला विचाराल तर वाचवायची शेवटची खरी संधी हीच. उंचावरून पडणारी धार हवा सोबत घेऊन जाते. दर तासाला पंधरा-वीस मिनिटं तांब्या चालवला असता तर दगडाचं निभावलं असतं. भाच्यानं थोडा वेळ ओतलंही. किडे खाली गेले. मग छताखालच्या बादल्या भरल्या, आईला औषध द्यायचं होतं, आणि पुन्हा तोच विचार: मासा तर नाहीये. प्लास्टिक परत चढलं.

28 तास आधी. गुरुवार, सकाळी 6

पाणी दुधाळ. किडे तळाशी, सैल पडलेले. जे मेलं त्यावर कुजवणारे जिवाणू तुटून पडले आणि उरलासुरला प्राणवायू त्यांनी संपवला.

18 तास आधी. दुपारी 4

वास आला. आधी वाटलं गटार तुंबलं. प्राणवायू संपल्यावर जिवाणूंची आणखी एक जमात जागी होते. ती सल्फेटवर भागवते. विहिरीच्या पाण्यात सल्फेट थोडं असतं, समुद्राच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅमच्या वर. त्याचं होतं हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास. दगडांच्या खालच्या अंगाला काळे डाग धरले होते. आणि कॅनिस्टर फिल्टर? तो तर झाकण घट्ट लावलेला डबा. त्यात स्पंजवर बसलेले जिवाणू पहिल्याच दिवशी गुदमरले असणार. आत काय शिजत होतं ते दिसायला मार्ग नव्हता.

शून्य. शुक्रवार, 5 जून, सकाळी 10

दिवे लागले. आळीत टाळ्या वाजल्या. टाकीची सगळी बटणं चालूच राहिलेली होती, त्यामुळे कुणी काही करायच्या आत पंप फिरले. कॅनिस्टरच्या नळीतून राखाडी-काळं पाणी टाकीत आलं, वेव्हमेकरनं तळाचा गाळ उचलला आणि मिनिटभरात पलीकडची काच दिसेना. फिल्टर आधी उघडून, धुऊन मगच जोडायचा असतो.

दुसरा घाव न दिसणारा. बंद पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, आणि उतरलेल्या पीएचला अमोनियाचं विष बरंचसं दबून राहतं. पंपानं पाणी ढवळलं, वायू उडाला, पीएच वर सरकला, तसा तोच अमोनिया जास्त जहाल झाला. दोन दिवस तग धरून राहिलेल्या गोगलगायी दुपारपर्यंत गळून पडल्या. अमोनियाच्या तपासणीत नळीतलं पाणी गडद हिरवं झालं, कार्डावरच्या शेवटच्या रंगाहून गडद.

नंतर

दगड नव्या खाऱ्या पाण्यात घासून धुतले आणि निळ्या पिंपात, अंधारात, पंप लावून ठेवले. दर काही दिवसांनी पाणी बदलायचं, काळं निघालं की झाडायचं, एवढंच काम. अमोनिया पुन्हा शून्यावर आला तोवर गणपती येऊन गेले होते. मधल्या काळात भाच्यानं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला. काकांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि किंमत ऐकून परत ठेवला.

त्यांना आता टाकीत जिताडा सोडायचाय. खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यात तो राहतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वाढला तर टाकीपेक्षा लांब होईल, ही भाच्याची तक्रारही बरोबर आहे. "तोवर खाऊन टाकू की," काका म्हणतात.