साच्याचे वय

विमानाच्या प्लॅस्टिक किटचा डबा उघडल्यावर जी निराशा पदरी येते, तिचे प्रकार ठरलेले आहेत. धडाचे दोन अर्धे भाग एकमेकांवर नीट बसत नाहीत, पंखाच्या मुळाशी नख जाईल एवढी फट राहते, प्रत्येक सुट्या भागाच्या कडेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लटकत असतो, कॉकपिटवरची काच गढूळ निघते. मग पुट्टी भरा, वाळू द्या, पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा भरा. याचा दोष जोडणाऱ्याच्या हाताला दिला जातो, नाहीतर कारखान्याच्या निष्काळजीपणाला. या किटांची वंशावळ तपासली तर मात्र बोट साच्याकडे जाते. बाजारातली पुष्कळशी वाईट किटे जन्मली तेव्हा वाईट नव्हती. त्यांचा साचा म्हातारा झाला, आणि ते वय गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नाही.

हा वंश ब्रिटनमध्ये सुरू होतो. खेळण्यांच्या धंद्यातल्या बड्या लाइन्स ब्रदर्सशी जोडलेल्या इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्टने १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने जी किटे काढली, ती प्लॅस्टिकची पहिली विमान-किटे मानली जातात. फ्रॉगची आधीची विमाने उडायची. ही नुसती मांडून ठेवायची, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव. प्रमाण १:७२, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट मॉडेलच्या एका इंचात. प्लॅस्टिक होते सेल्युलोज ॲसिटेट, आणि ते वर्षांगणिक आकसते, पिळवटते. युद्धानंतर आकार धरून ठेवणारे पॉलिस्टायरिन आले आणि १९५५पासून फ्रॉगची नवी मालिका त्यात निघू लागली. वाकड्या पंखांचे दुखणे बरेचसे संपले. पण या धंद्यात प्लॅस्टिक स्वस्तच असते. महाग असतो तो पोलादात कोरलेला साचा. तो खर्च हजारो किटांतून वसूल करायचा, आणि वसूल झाल्यावरही साचा चालेल तोवर चालवायचा, हे गणित पहिल्यापासून ठरलेले होते.

किटमधले बहुतेक दोष साच्याच्या भाषेत वाचता येतात. दोनशे अंशांच्या आसपास तापलेले प्लॅस्टिक प्रचंड दाबाखाली साच्यात शिरते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती कड झिजली की प्लॅस्टिक त्या फटीतून बाहेर येते. तोच कडेचा पापुद्रा, फ्लॅश. जिथे भाग जाड असतो तिथे ते सावकाश थंड होते, आत ओढले जाते आणि वर खळगा पडतो. जुन्या किटांवरच्या उठावदार रेषा आणि रिव्हेटांचे ठिपके हेही साच्याचेच देणे. पोलादात चर कोरणे सोपे, आणि साच्यातला चर प्लॅस्टिकवर उंचवटा होऊन येतो. खऱ्या विमानावर पत्र्यांच्या सांध्यांची जेमतेम फट दिसते. ती प्लॅस्टिकवर खोलगट उतरवायची तर साच्यात तेवढी बारीक धार उभी ठेवावी लागते, म्हणजे भोवतालचे सगळे पोलाद काढून टाकावे लागते. म्हणून कित्येक वर्षे उंचवटेच चालले. मॉडेलवर ०.२ मिलिमीटर उंचीची रेषा खऱ्या विमानावर चौदा मिलिमीटरहून उंच ठरेल. ते घासून काढायचे आणि सुईने नवे चर ओढायचे, हे काम आजही जुन्या किटाबरोबर घरी येते.

साचा हातोहात फिरू लागला की गोष्ट आणखी बिघडते, आणि यासाठी फ्रॉगसारखा दुसरा दाखला नाही. १९७१मध्ये लाइन्स ब्रदर्स कोसळली. दशकाच्या उत्तरार्धात फ्रॉगचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि किटे ‘नोव्हो’ नावाने पश्चिमेत परत येऊ लागली. जर्मन आणि जपानी विमानांचे साचे त्या वाटेने गेले नाहीत. त्यांतले बरेच रेव्हेल या दुसऱ्या किट-कंपनीकडे गेले. नोव्होचा व्यवहारही १९८०च्या सुमारास मोडला. त्यानंतर साचे सोव्हिएत कारखान्यांत विखुरले आणि तीच विमाने वेगवेगळ्या नावांनी, पातळ खोक्यांतून आणि पिशव्यांतून, हाती लागेल त्या रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये निघत राहिली. ब्रिटिश कारागिराने नीट कोरलेले विमान तिथे पोचेपर्यंत कडेकडेने फुटू लागले होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे: कोऱ्या साच्यातूनही छळणारी किटे निघतात. खरे आहे. झेक प्रजासत्ताकातल्या लहान कंपन्यांनी १९९०च्या दशकात कमी दाबाच्या, मऊ द्रव्याच्या साच्यांतून थोड्या प्रतींची किटे काढली. त्यांत भाग जुळवायच्या खुंट्या नसतात, जोड नुसते कडेला कड लावून बसवायचे. मात्र ही अडचण उघड असते. घेणाऱ्याला ठाऊक असते की दुर्मीळ विमानाची किंमत आपण श्रमात मोजणार आहोत.

दुसरा आक्षेप मनाला अधिक भिडतो. जुने साचे मोडीत काढले असते तर कित्येक विमाने कुणाच्या शेल्फवर आलीच नसती. फ्रॉगने व्हल्टी व्हेन्जन्स काढले होते. याच बॉम्बफेकी विमानांतून भारतीय हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३-४४मध्ये झुंज दिली. पुढे नोव्होच्या खोक्यातूनही ते मिळत राहिले, म्हणून आपल्या इतिहासातले हे विमान मांडणाऱ्यांच्या हाती राहिले. तेव्हा साचा जगवणे हे पुण्याचेच काम आहे. खटकते ते त्याला चकचकीत नवे चित्र आणि नवा क्रमांक देऊन नवे म्हणून विकणे. दहा-बारा वर्षांचे पोर ते किट घेते, पंख जुळत नाहीत तेव्हा स्वतःच्या बोटांना दोष देते, आणि पुन्हा दुकानात येत नाही. डब्याच्या कडेला ‘साचा, अमुक साल’ एवढे छापायला कंपनीला काहीच खर्च येत नाही. ते छापले जात नाही म्हणून संग्राहकांनी साच्यांच्या वंशावळी स्वतः जुळवल्या आहेत: कोणता साचा कोणत्या नावांखाली विकला गेला, मध्ये कोणी रेषा पुन्हा कोरल्या, कोणी फक्त चिन्हे बदलली. किट घेण्यापूर्वी जाणकार आज आधी त्या याद्या पाहतात.