कढई, कल्हई आणि मुहतसिब

रमजान जवळ आला की भांड्यांच्या दुकानात कढई पाहणाऱ्यांची गर्दी वाढते. लोखंडी घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची? नॉनस्टिक चालेल का? की एअर फ्रायरच आणावा? प्रश्न आजचा वाटतो. पण तळणीचे भांडे कोणत्या धातूचे असावे आणि ते कसे राखावे, हा विषय इस्लामी संस्कृतीत 800 वर्षांपूर्वीच कायद्याच्या आणि प्रशासनाच्या ग्रंथात आलेला आहे.

मध्ययुगीन इस्लामी शहरांत ‘हिस्बा’ नावाची व्यवस्था होती. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला ‘मुहतसिब’ म्हणत. वजने-मापे तपासणे, भेसळ पकडणे, रस्ते मोकळे ठेवणे ही त्याची कामे. 12 व्या शतकात सीरियातील अश-शैजरी यांनी या अधिकाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात दाणेवाले, कसाई, अत्तार, वैद्य अशा एकेका व्यवसायावर प्रकरण आहे आणि त्यात जुलाबिया, म्हणजे आपल्या जिलेबीचा पूर्वज तळणाऱ्यांवरही एक प्रकरण आहे.

शैजरी सांगतात की जुलाबियाची कढई चांगल्या लाल तांब्याची हवी. नवी कढई तशीच वापरायची नाही. आधी तिच्यात कोंडा जाळायचा, थंड झाल्यावर बीटच्या जातीच्या पालेभाजीच्या पानांनी ती घासायची. मग पुन्हा विस्तवावर ठेवून थोडा मध जाळायचा, खापराच्या पुडीने घासून लख्ख करायची आणि धुऊन वापरायची. म्हणजे तिचा मळ आणि हिरवा गंज निघून जातो. जुलाबिया काळी पडली तर त्याचे कारण भांड्याची अस्वच्छता किंवा तेलाची अशुद्धता असू शकते, हेही ते नोंदवतात. गिऱ्हाइकाला फक्त पदार्थ दिसतो, कढईचा तळ दिसत नाही. जे गिऱ्हाइकाला दिसत नाही ते पाहणे, हेच मुहतसिबचे काम होते.

तांब्याचा हा धोका आपल्या आजी-पणजींना चांगला ठाऊक होता. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ‘कळकते’ हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई. हा शब्द अरबी ‘कलई’वरून आला. त्याचा अर्थ कथील, आणि मलाया द्वीपकल्पातील ‘कलाह’ या बंदराच्या नावाशी त्याचा संबंध जोडला जातो. अबुल फज्ल यांनी ‘आईन-ए-अकबरी’त नोंद केली आहे की बादशहाच्या वापरातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई होई आणि शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा. नवसागर, कापूस आणि कथलाची कांडी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा कल्हईवाला याच परंपरेतला.

मात्र कल्हईची भांडी तळणीसाठी नव्हेत. कथील 232 अंश सेल्सियसला वितळते. तळण 160 ते 190 अंशांत चालते, पण विस्तवावर विसरलेले तूप-तेल ती मर्यादा सहज ओलांडते. शिवाय उघडे तांबे तेल लवकर खवट करते. म्हणून शिजवायला कल्हईचे पातेले आणि तळायला लोखंडी कढई, ही विभागणी शहाणपणाची ठरते.

आता तळणीची ही विद्या कोणाची? कोणी म्हणते मुसलमानांनी आणली, कोणी म्हणते सगळे आधीच इथे होते. पुरावे या दोन्ही दाव्यांना साथ देत नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12 व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात वडे आणि पुऱ्यांसारखे तळलेले पदार्थ आहेत. म्हणजे दख्खनमध्ये सुलतानांच्या आधीपासून कढई तापत होती. दुसरीकडे, 14 व्या शतकात आलेल्या इब्न बतूताने मुहम्मद तुघलकाच्या दरबारातील ‘सम्बूसक’ची नोंद केली आहे: खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाला पातळ पोळीत भरून तुपात तळलेला. हा पदार्थ पश्चिमेकडून आला. जिलेबीचा इतिहास पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी शोधला. 1450 च्या सुमारास लिहिलेल्या एका जैन ग्रंथात त्यांना तिचा उल्लेख सापडला. परदेशी जुलाबिया एव्हाना जैन श्रीमंताच्या पंक्तीत जाऊन बसली होती.

आपल्या स्वयंपाकघरातले शब्दच पाहा. ‘कढई’ संस्कृत ‘कटाह’वरून आली, ‘तवा’ फारसी, ‘कल्हई’ अरबी. तिन्ही शब्द आज मराठी आहेत. ज्यांना समाजात भिंती उभ्या करायच्या आहेत, त्यांनी आधी हे फळीवरचे सामान वेगळे करून दाखवावे.

19 व्या शतकाच्या शेवटी चित्र बदलले. 1898 च्या सुमारास आल्फ्रेड चॅटरटन यांनी मद्रासच्या कलाशाळेत अ‍ॅल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. हलके, कळकत नसलेले आणि कल्हई नको असलेले हे भांडे घरोघरी गेले. स्टेनलेस स्टील आणि नॉनस्टिक त्यानंतर आले. सोय झाली, पण तळणीसाठी जुन्या लोखंडी कढईचे गुण कमी झाले नाहीत. जाड लोखंड उष्णता धरून ठेवते, त्यामुळे थंड समोसे सोडल्यावर तेल एकदम निवत नाही आणि समोसे तेल कमी पितात. गोल बुडामुळे थोड्या तेलातही खोली मिळते. पसरट काठामुळे तळलेला पदार्थ बाजूला सरकवता येतो. कढई निम्म्याहून जास्त भरू नये, कारण पदार्थातल्या पाण्याची वाफ होऊन तेल वर येते. वापर झाल्यावर ती पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावी. एअर फ्रायरमध्ये पदार्थ गरम हवेवर भाजला जातो. ज्याला तेल कमी करायचे आहे त्याने तो जरूर घ्यावा, पण त्याला तळण म्हणू नये.

तेलाचे काय? 1 जुलै 2018 पासून भारतात तळणीच्या तेलातील ‘पोलर’ घटकांवर 25 टक्क्यांची मर्यादा आहे. त्याहून जास्त खराब झालेले तेल व्यावसायिकाने वापरता कामा नये. शैजरींच्या नियमाचेच हे आजचे रूप. पण मुहतसिब सगळीकडे पोहोचत नसे आणि आजचा अन्न निरीक्षकही पोहोचत नाही. इफ्तारच्या वेळी रस्त्यावर गाडी लावणाऱ्या आपल्या बांधवाने रोजेदाराच्या हातात काय ठेवायचे, हे शेवटी त्याच्या ईमानावरच आहे. चार दिवसांच्या काळ्या तेलात तळलेली भजी रोजेदाराला विकणे, हा मापात पाप करण्याचाच एक प्रकार आहे.